वाईनची पहिली बाटली उघडताना या चुका टाळा

मे महिन्यातली संध्याकाळ, ठाण्यात वर्तकनगरला आमच्या घरी चार-पाच जण जमलेले. एकाने नाशिकची शिराझ, म्हणजे एक रेड वाईन, आणली होती. रेड वाईन रूम टेम्परेचरला प्यायची असते, एवढं सगळ्यांनी ऐकलेलं, त्यामुळे बाटली दुपारपासून टेबलावरच होती. पहिल्या घोटालाच नाकात स्पिरिटसारखा भपका गेला. ‘रेड आपल्याला झेपत नाही,’ असा निकाल लागला आणि अर्धी बाटली फ्रिजमध्ये गेली. दुसऱ्या दिवशी ती बाहेर काढून, वीस मिनिटं ठेवून, मी पुन्हा चाखली. तीच वाईन, पण आता तिला जांभळाचा आणि ताज्या कुटलेल्या मिऱ्याचा वास येत होता. हा मिऱ्याचा वास खराच असतो. काळ्या मिरीत जे रोटंडोन नावाचं द्रव्य असतं, तेच शिराझमध्येही सापडतं.

तेव्हापासून कुणी ‘वाईन आवडली नाही’ म्हणालं की मी आधी दोन गोष्टी विचारतो: किती थंड होती, आणि कशात ओतली होती?

आपली रूम, त्यांचं टेम्परेचर

‘रूम टेम्परेचर’ हा शब्द युरोपातल्या जुन्या, थंड घरांमधून आला. तिथली खोली साधारण 16 ते 18 अंशांची. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये रात्री दहालाही दिवाणखाना तिशीच्या आसपास असतो. इतक्या उष्णतेत अल्कोहोल भराभर उडतं आणि फळांचा वास त्याखाली दबून जातो.

म्हणून रेडसुद्धा फ्रिजमध्ये ठेवायची. इंग्रजी पुस्तकांत ‘वीस मिनिटं’ लिहिलेलं असतं, ते त्यांच्या हवेला ठीक आहे. आपली बाटली तीस अंशांवरून निघते, त्यामुळे रेडला तास-सव्वा तास द्या, व्हाइटला अडीच-तीन तास. भारदस्त रेड 15 ते 18 अंशांना, व्हाइट आणि रोझे (गुलाबी वाईन) 8 ते 12 ला, स्पार्कलिंग (बुडबुड्यांची वाईन) 6 ते 8 ला छान लागते. उलट चूकही होते: रात्रभर फ्रिजमध्ये, म्हणजे चारेक अंशांवर राहिलेली व्हाइट लगेच ओतली तर तिला वासच लागत नाही. दहा मिनिटं थांबा, ठाण्याची हवा पुढचं काम करते.

पाहुणे दारात आणि बाटली गरम, असं झालं तर फ्रीझरकडे वळू नका. तिथे ती विसरली जाते, गोठली की फुगते, बूच बाहेर ढकलते किंवा काच तडकते. त्यापेक्षा उभ्या पातेल्यात बर्फ आणि पाणी अर्धं-अर्धं घ्या, मूठभर मीठ टाका आणि बाटली गळ्यापर्यंत बुडवा. नुसत्या बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते. पाणी बाटलीला सगळीकडून भिडतं. वीस-पंचवीस मिनिटांत व्हाइट तयार.

नाशिकहून येताना घेतलेल्या बाटल्यांचं तर मला फार वाईट वाटतं. माणसं वायनरीत हौसेने फिरतात, चाखून, निवडून दोन-तीन बाटल्या घेतात आणि त्या डिकीत टाकतात. मग जेवायला थांबल्यावर गाडी उन्हात तापते, आणि कसारा घाट उतरून माजिवड्याला पोहोचेपर्यंत वाईन शिजलेली असते. बूच किंचित वर आलंय, गळ्याशी चिकट ओघळ आहे, वास शिजवलेल्या मुरंब्यासारखा येतोय, तर समजा की उन्हाने घात केला. याला नंतर उपाय नाही. बाटल्या एसी चालू असलेल्या गाडीत पायाशी ठेवा आणि जेवायला उतरताना थंड पिशवीतून बरोबर न्या.

ग्लास एकच, पण नीट

दुकानात रेडचा वेगळा, व्हाइटचा वेगळा, शॅम्पेनचा वेगळा ग्लास दाखवतात. अमुक आकारामुळे वाईन जिभेच्या ‘गोड भागावर’ पडते, असंही सांगतात. जिभेवर चवींचे असे वेगळे भाग नसतात. 1901 सालच्या एका जर्मन शोधनिबंधाच्या चुकीच्या अर्थातून तो नकाशा पसरला. ग्लासचं खरं काम नाकासाठी आहे. पोट रुंद असलं की वास मोकळा होतो, तोंड निमुळतं असलं की तो आतच राहतो. दांडीचा, न उमललेल्या ट्यूलिपसारखा, 350 ते 400 मिलीचा एकच प्रकार सहा नग घ्या. नवख्या माणसाला एवढं पुरतं. व्यावसायिक चाखणारे जो वापरतात आणि ज्यासाठी 1977 साली आंतरराष्ट्रीय मानक ठरलं, तो ग्लास तर जेमतेम 215 मिलीचा असतो.

पटत नसेल तर एकच वाईन स्टीलच्या पेल्यात आणि या ग्लासात ओतून हुंगून बघा. स्टीलमुळे ती बिघडत नाही, पण पेला वर पसरट होत जातो, वास उडून जातो आणि रंगही दिसत नाही. तांब्या-पितळेत मात्र कधीही ओतू नका. ताक कळकतं तशी आंबट वाईनही कळकते.

ग्लास काठोकाठ भरणं हा आपल्या पाहुणचाराचा भाग आहे, मला तो समजतो. पण वाईनला फिरायला जागा हवी. पोटाच्या सर्वांत रुंद भागापर्यंतच ओता. 750 मिलीच्या बाटलीत 150 मिलीचे पाच ग्लास होतात. आपल्या उकाड्यात त्याहून कमी, पण पुन्हा पुन्हा ओतणं चांगलं. आणि दांडी धरा, पोट नाही. हाताची ऊब काही मिनिटांत व्हाइटची मजा घालवते.

वास आला, तर आधी रिकामा ग्लास हुंगा

पावसाळ्यात ही तक्रार हमखास येते: वाईनला कुबट वास. निम्म्या वेळा दोष ग्लासचा असतो. काचेच्या कपाटात डांबरगोळ्या ठेवलेल्या, ग्लास पालथे, आत दमट हवा कोंडलेली. ग्लास सुलटे ठेवा आणि वापरण्याआधी साध्या पाण्याने, नंतर दोन थेंब वाईननेच विसळा. घोडबंदर रोडवर टँकरचं जड पाणी येतं, तिथे काचेवर पांढुरके डाग पडतात. पाण्यात व्हिनेगर घालून धुतले की जातात. सुगंधी साबण थोडाच वापरा आणि भरपूर पाण्याने काढा. पुसताना एका हातात तळ आणि दुसऱ्यात पोट धरून पिळलं की दांडी मोडते. पोट धरूनच पोट पुसा. रात्री ग्लासात पाणी भरून ओट्याच्या कडेला ठेवा, सकाळी स्वतः धुवा. मावशींच्या कढया-पातेल्यांच्या ढिगात ते टिकत नाहीत.

ग्लास स्वच्छ आहे, तरी ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय? मग बुचातून आलेला दोष असू शकतो. तब्येतीला अपाय नाही, पण वाईन सुधारत नाही. लगेच बूच लावून दुकानात दाखवा. बुचाचे कण तरंगणं ही वेगळी गोष्ट आहे, चहाची गाळणी पुरते. तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर काच समजून ओतून देऊ नका. ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक असतात, आणि हे आम्ल चिंचेतही असतं. काडेपेटीचा किंवा अंड्याचा हलका वास ग्लास फिरवत दहा मिनिटं ठेवला की बहुधा जातो. व्हिनेगरचा झणका जात नाही.

जेवणाचं थोडक्यात: बोंबील फ्राय किंवा आगरी मसाल्याच्या कोळंबीबरोबर तुरट रेड घेऊ नका. तिखट आणखी भडकतं आणि माशाला लोखंडी चव येते. किंचित गोडसर, थंड शेनिन ब्लां ही व्हाइट वाईन घ्या. लेबलवर ‘ड्राय’ म्हणजे गोड नसलेली, हे दुकानातच लक्षात ठेवा.

स्पार्कलिंग उघडताना बाटली तिरकी धरा, तोंड माणसांकडे आणि पंख्याकडे नको. बूच घट्ट धरून बाटली फिरवा. आत गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो.

उरलेली वाईन, रेडसुद्धा, बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. तीन-चार दिवस टिकते. अर्धीच उरली असेल तर स्वच्छ, वास नसलेल्या छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, म्हणजे हवा कमी लागते. वर तारखेची चिठ्ठी लावा. चार दिवस उलटले की ती ग्लासात ओतू नका, मटण मुरवायला घ्या.