सायबर बुलिंग: मूल सांगायला येतं तेव्हा या चुका टाळा

वर्गाचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो, त्यात टीचर असतात. दुसरा असतो, त्यात नसतात. चवथीला माटोळीखाली (गणपतीच्या वर बांधलेल्या फळा-पानांच्या सजावटीखाली) काढलेला एखाद्या मुलीचा फोटो त्या दुसऱ्या ग्रुपात स्टिकर होऊन फिरू लागतो. ती चिडली की नवा स्टिकर. बाहेर पडली की पुन्हा अ‍ॅड करतात, तिने वाचावं म्हणूनच. सोमवारी सकाळी ती म्हणते, पोटात दुखतंय, शाळेत जात नाही.

अशा वेळी घरी सगळ्यात आधी होतं ते फोन काढून घेणं. माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. मुलीला त्यातून एवढंच कळतं की सांगितलं की शिक्षा आपल्यालाच. पुढच्या वेळी ती तोंड उघडत नाही. "फोटो टाकलासच कशाला?" हा प्रश्नही त्या दिवशी नको. "बरं केलंस सांगितलंस, बाय. फोन तुझ्याकडेच राहील," एवढं म्हणा आणि शेजारी बसून सगळं वाचा.

दुसरी चूक म्हणजे रागाच्या भरात चॅट डिलीट करणं. आधी स्क्रीनशॉट घ्या: तारीख, वेळ, ग्रुपचं नाव, मेंबरांची यादी. नंबर सेव्ह असेल तर चॅटमध्ये फक्त नाव दिसतं, म्हणून कॉन्टॅक्ट उघडून नंबरचाही घ्या. आपोआप गायब होणारे मेसेज दुसऱ्या फोनने टिपा. रिपोर्ट आणि ब्लॉक त्यानंतर.

फोटो नग्न किंवा तसा बनवलेला असेल तर मात्र त्याची प्रत काढू नका आणि पुरावा म्हणूनही कुणाला पाठवू नका, पालक-शिक्षक संघाच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. मुलांचं अश्लील चित्रण पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे; पहिल्याच वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. फोन आहे तसा पोलिसांकडे न्या. अशी प्रकरणं शाळेने आतल्या आत मिटवायची नसतात. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

शिक्षकांची नेहमीची चूक: दोघांना समोरासमोर उभं करून "सॉरी म्हण" म्हणणं. त्या सॉरीचा वचपा संध्याकाळी ग्रुपवर निघतो. दोघांशी वेगवेगळं बोला, लिहून ठेवा, पालकांनाही वेगवेगळं बोलवा. नुसतं हसणाऱ्या, फॉरवर्ड करणाऱ्या मुलांनाही बसवून विचारा; त्रास देणाऱ्याला बळ त्यांच्याकडूनच मिळतं. आठवड्याने पुन्हा चौकशी करा.

तक्रारीसाठी बरेच जण १९३० फिरवतात. तो मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. छळाची तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात, गोव्यात रायबंदरच्या सायबर पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर करा. तिथे महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे. मुलांची हेल्पलाइन १०९८. नग्न फोटो इन्स्टाग्रामसारख्या ठिकाणी पसरू नये म्हणून १८ वर्षांखालच्यांसाठी 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. फोटो फोनमधून बाहेर न जाता त्याची डिजिटल खूण तेवढी पाठवली जाते. व्हॉट्सअ‍ॅप चॅटवर ती चालत नाही.

मूल जेवत नसेल, झोपत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. "मी नसलेलीच बरी" असं काही बोललं तर परीक्षा, शाळा सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, आणि त्या रात्री तिला एकटं झोपू देऊ नका.