एचटीएमएल ऐकून शिकताना मला नडलेला एक कोट, म्हणजे अवतरणचिन्ह

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये पहिल्याच दिवशी ऐकवलं, "स्क्रीन दिसत नाही, मग स्क्रीन बनवणार कशी? डेटा एंट्री बघ." मी मान डोलवून केएमटीची बस पकडली. आज असतो तर भांडलो असतो. एचटीएमएल, म्हणजे वेबपान लिहायची भाषा, शेवटी लिहिलेला मजकूरच. हे शीर्षक, हे बटण, हा रकाना, एवढं त्यात सांगायचं असतं, आणि ते ऐकून येतं.

टॅग म्हणजे काय, एनव्हीडीए हा स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम कसा चालवायचा, हे तुम्हाला येतं असं धरतो. मला सांगायचंय ते विरामचिन्हांच्या पातळीबद्दल, म्हणजे एनव्हीडीए कुठली चिन्हं बोलणार आणि कुठली गाळणार, त्याबद्दल. तिनं माझे चार दिवस खाल्ले.

नोटपॅडमध्ये साधा फॉर्म लिहिला होता. एक लेबल म्हणजे रकान्याचं नाव, एक इनपुट म्हणजे रकाना, दोघांना जोडणारा आयडी. ब्राउझरमध्ये टॅब दाबला की एनव्हीडीए नुसतं "एडिट" म्हणायचं, रकान्याचं नाव काही घेत नव्हतं. धाकट्या भावाला बसवलं. तो म्हणाला, "दादा, सगळं बरोबर दिसतंय की!" आणि दिसत होतंच. मी ती ओळ पुन्हा पुन्हा ऐकली: इनपुट टाइप इक्वल्स टेक्स्ट आयडी इक्वल्स नाव. कानाला कुठंच खोट नाही.

टेक्स्टनंतरचा बंद करायचा कोट मी टाकलाच नव्हता. एनव्हीडीए मुळात "सम" (some, काहीच चिन्हं) पातळीवर असतं आणि त्या पातळीवर ओळ वाचताना कोट बोलतच नाही. असलेला कोटही गप्प, नसलेलाही गप्प! इकडं ब्राउझरनं पुढचा कोट सापडेपर्यंतचं सगळं, म्हणजे "टेक्स्ट आयडी इक्वल्स", टाइपची किंमत म्हणून घेतलं. असला टाइप त्याला ठाऊक नाही, म्हणून त्यानं साधा मजकुराचा रकाना काढला. डोळसाला काय खटकणार? आयडी मात्र उरलाच नाही आणि लेबल लटकलं. भावानं लेबलवर क्लिक केलं असतं, तर कर्सर रकान्यात जात नाही हे तरी कळलं असतं.

उपाय दोन मिनिटांचा. एनव्हीडीए की धरून पी दाबत "ऑल"वर, म्हणजे सगळी चिन्हं बोलणाऱ्या पातळीवर या. शंका आली की बाणानं एकेक अक्षर ऐका, तेव्हा पातळी काहीही असली तरी चिन्ह बोललं जातं. पण "ऑल" सगळीकडं ठेवलंत तर बातम्या वाचताना डोकं उठेल. त्यासाठी कोडचा एडिटर उघडा असताना एनव्हीडीए, कंट्रोल आणि पी दाबून फक्त त्या एडिटरसाठी सेटिंगचं वेगळं प्रोफाइल करा. इंडेंटेशनचे सूर, म्हणजे ओळ किती आत सरकलीय ते सांगणारे आवाज, पण त्यातच चालू करा. पहिले काही दिवस कान किटतात, मग सवय होते, खरंच होते.

व्हिडिओ बघून शिकू नका. "हे इथं घ्या, ते तिथं टाका" यातून आपल्या पदरात काय पडणार? तयार कोड उचलून चिकटवणं त्याहून वाईट. त्यात डिव्हलाच, म्हणजे नुसत्या चौकटीच्या टॅगला, क्लिक लावून बटण केलेलं असतं, आणि टॅब त्याच्यावर थांबतसुद्धा नाही. आणि कीबोर्ड हातातून काढून घेऊन चूक दुरुस्त करणारा गुरू भेटला, तर चहा पाजून वाटेला लावा.

सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भागात, मात्र डोळस माणूस लागतोच, उगाच बाता मारत नाही. त्याला "छान दिसतंय का?" विचारू नका. बटण मजकुरावर चढलंय का, पान आडवं सरकवावं लागतं का, असं नेमकं विचारा. आमच्या धाकट्यानं दर तपासणीमागं एक मिसळ ठरवलीय, जादा पाव वेगळे.