रोम दोघांत: दिवसाला एक तिकीट, एक ठरलेलं जेवण

रोमला चार रात्री पुरतात. मात्र यादीतल्या सगळ्या जागा त्यात कोंबल्या की तिसऱ्या दिवशी पाय सुजतात आणि चौथ्या दिवशी नवरा-बायकोचा अबोला सुरू होतो. म्हणून आखणीचा नियम साधा ठेवायचा: वेळ ठरवून तिकीट काढावं लागतं अशी दिवसाला एकच जागा, तीही सकाळी; आणि दिवसाला एकच जेवण आधी ठरवलेलं. उरलेला वेळ पायी हिंडायला मोकळा. जुनं शहर तेवढं आटोपशीर आहे. पँथिऑन या प्राचीन मंदिरापासून त्रेवीचं कारंजं चालत दहा मिनिटांवर, नवोना चौक पाचच मिनिटांवर. शनिवारवाड्यापासून मंडईपर्यंत चालत जाणाऱ्याला हे काहीच नाही.

पुण्यातून निघण्याआधी

दिवाळीची सुट्टी किंवा मार्च, हे दोन काळ उत्तम. मार्चमध्ये रोमचे ताजे आर्टिचोक (कमळाच्या कळीसारखी दिसणारी भाजी) मिळतात, त्यामुळे खाणाऱ्यांनी मार्चच धरावा. फक्त ईस्टरचा आठवडा सोडून. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ च्या वर जातो, आणि १५ ऑगस्टच्या आसपास रोमकर स्वतःच सुट्टीवर गेल्याने बऱ्याच चांगल्या खानावळींना कुलूप असतं.

इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. प्रत्यक्षात दोन महिने हातात ठेवा, कारण घोळ बहुधा अपॉइंटमेंट मिळण्यात होतो. फी प्रौढांना ९० युरो, सेवाकेंद्राचे पैसे वेगळे. प्रवास विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं हवं. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला लागतो. जोडप्यांची फाइल अडते ती दोन ठिकाणी. लग्नानंतर बदललेलं नाव पासपोर्टवर नसतं आणि विमानाच्या तिकिटावर मात्र नवं नाव पडलेलं असतं. तिकीट पासपोर्टवरच्या स्पेलिंगनेच काढा. दुसरं, दोघांपैकी एकच कमावता असेल तर त्याचं खर्च उचलण्याचं पत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडा. मंगल कार्यालयातला फोटो तिथे कामाला येत नाही.

विमान मुंबईहून. रात्री दोनचं विमान असेल तर विमानतळावर अकराला पोचायचं, म्हणजे पुण्यातून संध्याकाळी सहाला निघायचं. रविवार असेल तर आणखी एक तास आधी, कारण लोणावळ्याहून परतणारी सगळी मुंबई त्याच रस्त्यावर असते.

बॅगेत चिवडा, बाकरवडी, चकली खुशाल न्या. पेढे, बर्फी, तुपाचा डबा मात्र घरीच ठेवा. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे. आंबाही चालत नाही. मोबाइल चार्जरसाठी दोन बारीक गोल पिनांचा प्लग लागतो. आपला तीन पिनांचा तिथे बसत नाही.

उतरल्यावर

फ्युमिचिनो विमानतळावर पासपोर्टच्या रांगेसाठी दीड तास धरा. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली आहे आणि पहिल्या वेळी तिला वेळ जातो. तिथून शहरात जायला लिओनार्दो एक्सप्रेस: १४ युरो, ३२ मिनिटं, थेट तेर्मिनी स्टेशन. त्रास्तेवेरे भागात राहणार असाल तर साधी लोकल घ्या, ८ युरोंत तिथेच उतरता येतं. दोघांकडे दोन मोठ्या बॅगा असतील तर अधिकृत पांढऱ्या टॅक्सीला जुन्या शहराच्या तटाच्या आत ठरलेलं भाडं ५५ युरो आहे आणि ते गाडीमागे, माणशी नव्हे. गाडीत बसण्याआधी आकडा बोलून घ्या.

चाकांच्या बॅगेचा इथे कस लागतो. रस्ते काळ्या बसाल्टच्या चौकोनी दगडांचे, फटी बोटभर रुंद. छोटी चाकं त्यात अडकून तुटतात आणि उंच टाचांचंही तेच होतं. जाड तळव्याचे, आधीच वापरून सैल झालेले बूट घाला. नवे बूट पहिल्याच संध्याकाळी चावतात. हॉटेलात माणशी रोजचा शहरकर वेगळा आणि बहुधा तिथेच भरायचा असतो, तो खर्चात धरून चाला.

सकाळची तिकिटं

कलोसियमची तिकिटं साधारण महिनाभर आधी अधिकृत संकेतस्थळावर खुली होतात आणि चांगल्या वेळा लगेच संपतात. साधं तिकीट १८ युरोंचं, २४ तास चालणारं, त्यात शेजारचा फोरम (प्राचीन रोमचा मुख्य चौक) आणि त्यावरची पॅलेटाइन टेकडीही येते. तिकिटावर नाव असतं, त्यामुळे दोघांचे पासपोर्ट जवळ हवेत. काचेची बाटली आणि मोठी सॅक आत सोडत नाहीत. सकाळची पहिली वेळ घ्या, तासाभरात कलोसियम बघून बाहेर पडा आणि फोरमच्या मुख्य दारावरची गर्दी टाळून सान ग्रेगोरियो रस्त्यावरच्या दाराने पॅलेटाइनवर चढा. आधी टेकडी, मग खाली फोरम: चढ सकाळच्या गारव्यात संपतो आणि वरून सगळे अवशेष नकाशासारखे दिसतात. उलट क्रमाने गेलेले लोक भर दुपारी टेकडीच्या पायथ्याशी बसकण मारतात.

व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी फुकट उघडतात, पण त्या दिवशीची रांग बघता फुकट महाग पडतं. सकाळी आठची वेळ घ्या. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, दोघांचेही. स्त्रियांना एक ओढणी पुरते, बर्म्युडा घातलेल्या पुरुषांना मात्र शेजारच्या सेंट पीटर्स चर्चच्या दारातून परत फिरावं लागतं. संग्रहालयांतल्याच सिस्टिन चॅपेलमध्ये फोटो काढता येत नाही. छत मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ मध्ये रंगवलं, समोरच्या भिंतीवरचा ‘अंतिम निवाडा’ त्यानंतर दोन तपांनी. भिंतीला लागून बाक आहेत. जागा मिळाली की दहा मिनिटं बसून वर बघा, उभ्याने मान भरून येते. सेंट पीटर्समध्ये प्रवेश फुकट आहे. घुमटावर चढायला ५५१ पायऱ्या. लिफ्टचे पैसे दिले तरी शेवटच्या ३२० चढाव्याच लागतात, आणि त्या तिरक्या भिंतींमधून जातात. कोंडल्यासारखं होणाऱ्याने खालीच थांबावं. बुधवारी सकाळी बहुधा पोपची सभा असते, तो वार या भागासाठी नकोच.

तिसरी सकाळ बोर्गेझे गॅलरीला. इथे दोन तासांच्या पाळ्या असतात आणि आरक्षणाशिवाय आत घेत नाहीत. सोमवारी बंद. शिल्पकार बर्निनीचं अपोलो-डॅफ्नी हे शिल्प, ज्यात पळणाऱ्या डॅफ्नीचं झाड होतं, भोवती फिरून बघा: बोटांना पानं फुटतात आणि अंगावर साल चढते ती तशी दिसते.

पँथिऑनला जुलै २०२३ पासून तिकीट लागतं. घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची दोन्ही ४३.३ मीटर, वर उघडं भोक. पाऊस पडत असेल तर मुद्दाम त्याच वेळी जा. पाणी आत पडतं आणि फरशीतल्या बारीक छिद्रांतून निघून जातं. जवळच सान लुइजी देई फ्रांचेझी या चर्चमध्ये चित्रकार काराव्हाज्योची तीन चित्रं फुकट आहेत, दुपारी चर्च बंद असतं. कोपऱ्यातल्या पेटीत नाणं टाकलं की दिवे लागतात आणि थोड्या वेळाने विझतात. दुसऱ्या कोणी नाणं टाकण्याची वाट बघत उभे राहणारेही असतात. पुणेकरांना हे सांगायला नको.

खाणं

जेवणाच्या वेळा चुकल्या की दिवस बिघडतो. दुपारी साधारण साडेबारा ते अडीच-तीन, रात्री साडेसातनंतर. मधल्या वेळात चांगली स्वयंपाकघरं बंद, आणि तेव्हा दारात उभं राहून फोटोंचं मेन्यूकार्ड दाखवत बोलावणारी जी हॉटेलं उघडी असतात ती टाळायचीच. मधल्या भुकेला पिझ्झा अल ताल्यो. मोठ्या आयताकृती ताटातला हा पिझ्झा वजनावर मिळतो. भाव किलोचा लिहिलेला असतो, मागायचा मात्र ‘एत्तो’त; एक एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. हाताने लांबी दाखवा, विक्रेता कात्रीने कापतो, तोलतो, गरम करतो. दोघांना ४०० ग्रॅम पुरतात. दोन-तीन प्रकारांचे छोटे तुकडे घेणं शहाणपणाचं.

रोमचे चार पास्ते प्रसिद्ध: काचो ए पेपे, ग्रिचा, कार्बोनारा, अमात्रिचाना. यातल्या शेवटच्या तिन्हींत डुकराच्या गालाचं मांस असतं. काचो ए पेपे म्हणजे पेकोरिनो चीज, मिरी आणि पास्ता उकळलेलं पाणी, एवढंच; त्या पाण्यातल्या स्टार्चमुळे चीज गुठळ्या न होता मिळून येतं. खारट लागतो, तो तसाच असतो. पास्ता आपल्याला कच्चट वाटेल, परत पाठवू नका.

शाकाहारी जोडीदार असेल तर खाचाखोचा दिसत नाहीत तिथेच आहेत. पेकोरिनो रोमानो आणि पार्मिज्यानो दोन्ही जनावराच्या रेनेटने (वासरा-कोकरांच्या पोटातून काढलेल्या विरजणाने) विरजतात. हे न चालणाऱ्यांनी आराब्याता (तिखट टोमॅटोचा) किंवा आल्यो ए ओल्यो (लसूण-तेलाचा) पास्ता चीजशिवाय मागावा, किंवा चीज नसलेला मारिनारा पिझ्झा. अंडं न खाणाऱ्यांनी वाळवलेला पास्ता घ्यावा, म्हणजे स्पगेटी, रिगातोनी. फेतुचिनेत बहुधा अंडं असतं. भोपळ्याच्या फुलांच्या भजीत मोझरेलासोबत अँचोव्ही मासा दडलेला असतो. सुप्लीत, म्हणजे तळलेल्या भाताच्या गोळ्यात, बरेचदा खिमा. गोडात पान्ना कोतात जिलेटिन, तिरामिसूत कच्चं अंडं. ‘पेपेरोनी’ला घाबरू नका, इटलीत ती ढोबळी मिरची. एक वाक्य पाठ करा: ‘सेंझा कार्ने, सेंझा पेशे’, मांस नको, मासे नकोत. नुसतं ‘व्हेज’ म्हटलं तर मासे चालतात असा समज होऊ शकतो.

सोबत चिकोरिया रिपास्साता मागवा. लसूण-मिरचीवर परतलेली ही कडसर पालेभाजी चौथ्या दिवशी घरची आठवण भागवते. कुरकुरीत तळलेला आर्टिचोक ज्यू वस्तीत खावा, पोर्तिको दोत्ताव्हियाच्या रस्त्यावर. शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत तिथली कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्याचे नियम पाळणारी, हॉटेलं बंद असतात. तिथल्या दूधदुभत्याच्या कोशर खानावळीत मांस शिजतच नाही, मासे असू शकतात.

दोघांनी एक सुरुवातीचा पदार्थ, दोन पास्ते आणि एक भाजी घेतली की पोट भरतं. बिलात ‘पाने’ म्हणून ब्रेडचे पैसे दिसले तर ती फसवणूक नव्हे. कॉफी काउंटरवर उभ्याने प्या, टेबलावर बसलात तर तोच कप दुपटीने महाग पडू शकतो. नुसतं ‘लात्ते’ मागितलं तर ग्लासभर दूध येतं. जिलातोत, म्हणजे इटालियन आइस्क्रीममध्ये, पिस्त्याचा रंग बघा: मळकट हिरवा असेल तर बरं, पोपटी असेल तर पुढे चला.

पाणी विकत घेऊ नका. रस्तोरस्ती ‘नासोने’ नावाचे लोखंडी नळ अखंड वाहत असतात. खालचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून धार उडते, तोंड लावून प्या. पहिल्यांदा दाबताना जोडीदाराला समोर उभं करू नका.

मेट्रो-बसचं साधं तिकीट दीड युरोचं, १०० मिनिटांचं. यंत्रात शिक्का मारायला विसरलात तर दंड. ६४ नंबरच्या बसमध्ये पाकीटमार असतात, पाकीट पुढच्या खिशात. स्पॅनिश पायऱ्यांवर २०१९ पासून बसायला बंदी आहे.

परतताना लिओनार्दो एक्सप्रेस तेर्मिनीच्या २३-२४ नंबरच्या फलाटांवरून सुटते, ते स्टेशनच्या अगदी टोकाला आहेत. दहा मिनिटं चालण्याची धरा, आणि उरलेली नाणी स्टेशनातल्या बारवर शेवटच्या एस्प्रेसोत संपवा.