चालवता येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं: बाइक सुरक्षा प्रशिक्षक होताना या चुका टाळा

पंधरा-वीस वर्षं बाइक चालवलेला माणूस प्रशिक्षक व्हायला येतो, तेव्हा पहिल्याच दिवशी मी त्याला एक साधा प्रश्न विचारतो. "ताशी चाळीसच्या वेगात उजवीकडे वळायचं असेल, तर हँडलचं काय करता?" बहुतेक जण म्हणतात, "काही नाही, गाडी झुकवतो." काही जण हवेतच हँडल उजवीकडे फिरवून दाखवतात. मग मी त्यांना मोकळ्या मैदानात पाठवतो आणि सांगतो, गाडी सरळ चाललेली असताना हँडलची उजवी बाजू तळव्याने अगदी अलगद पुढे ढकला. गाडी उजवीकडे झुकते. परत येतात तेव्हा हेल्मेट काढायच्या आधीच विचारतात, "हे असं कसं?"

याला काउंटरस्टीअरिंग म्हणतात. अगदी हळू वेग सोडला तर प्रत्येक बाइक अशीच वळते. त्यांचे हात इतकी वर्षं हेच करत होते, फक्त डोक्याला त्याचा पत्ता नव्हता. चालवण्यापुरतं ते पुरतं. पण समोर शिकाऊ माणूस वळणावर बाहेर फेकला जात असेल, तर "गाडी झुकव ना" एवढं सांगून त्याच्या हातात काय पडणार?

"मला येतं, म्हणजे मी शिकवू शकतो"

नव्या प्रशिक्षकाच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. चांगल्या चालकाचं कौशल्य अंगात मुरलेलं असतं आणि अंगात मुरलेली गोष्ट शब्दांत सापडत नाही. क्लचचंच बघा. आपण नवख्याला सांगतो, "क्लच हळू सोड." हळू म्हणजे किती? तो बिचारा सुरुवातीला हळू सोडतो आणि गाडीने जरा ओढ घेतली की घाबरून सगळा सोडून देतो. गाडी गचका देऊन बंद पडते. त्याला खरं तर वेगाबद्दल नाही, एका जागेबद्दल सांगायला हवं. क्लच जिथे पकडायला लागतो त्या जागेवर हात थांबला पाहिजे. म्हणून दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, सपाट जागेत, रेस न देता त्याला फक्त एवढंच करू द्या: गाडी पुढे सरकू लागेपर्यंत क्लच सोडायचा आणि सरकली की पुन्हा दाबायचा. असं दहा-पंधरा वेळा. ती जागा त्याच्या बोटांना एकदा कळली की पुढचा अर्धा दिवस वाचतो.

तुम्ही स्वतः सहज करता अशी प्रत्येक क्रिया आधी कागदावर उतरवून पाहा. साइड स्टँड काढण्यापासून पहिला गिअर टाकेपर्यंत हात, पाय आणि डोळे कोणत्या क्रमाने काय करतात? हे लिहिता आलं नाही, तर सांगताही येणार नाही.

लांबून ओरडणं

ही माझी स्वतःची चूक आहे आणि मला ती अजून बोचते. एक विद्यार्थिनी शंकूंमधून सावकाश वळत होती. ती कडेला जातेय असं मला वाटलं आणि मी लांबून ओरडलो, "ब्रेक! ब्रेक!" तिने आज्ञा पाळली. चारही बोटांनी पुढचा ब्रेक आवळला. हँडल पूर्ण वळलेलं, वेग चालण्याइतका. गाडी जागच्या जागी आडवी झाली आणि तिचा पाय खाली आला. बूट घोट्याच्या वरपर्यंत होते म्हणून मुका मार लागण्यावर निभावलं.

तिची काहीच चूक नव्हती. हँडल वळलेलं असताना हळू वेगात पुढचा ब्रेक जोरात दाबला की गाडी पडतेच, आणि ते तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. ते शिकवायचं काम माझं होतं. शिवाय मी ओरडलो नसतो, तर ती फार तर एक शंकू पाडून पुढे गेली असती.

त्या दिवसापासून गाडी सुरू व्हायच्या आधी खुणा ठरवतो. तळवा उभा म्हणजे थांबा, तळवा खाली दाबला म्हणजे सावकाश, दोन बोटं डोळ्यांकडे नेऊन वर केली म्हणजे नजर वर. हेल्मेट आणि इंजिनच्या आवाजात शब्द पोचत नाहीत, पोचते ती फक्त घबराट. खूण दिसायची तर तुम्ही जाग्यावर हवेत. विद्यार्थी जिकडे बघणार त्या बाजूला उभे राहा, पण गाडी चुकली तर ज्या वाटेने येईल त्या वाटेत कधीही नाही. ब्रेकच्या सरावात गाडी जिथे थांबायची, त्याच्या सरळ पुढे कुणीही उभं राहायचं नाही, मोबाइलवर चित्रण करणारा मित्रसुद्धा नाही.

लक्षण दिसतं, कारण दिसत नाही

गाडी पुन्हा पुन्हा बंद पडतेय, तर आधी हात बघा. बोटं आखूड असतील आणि क्लचचा लिव्हर लांब असेल, तर फक्त बोटांची टोकं पोचतात आणि ताबा राहत नाही. लिव्हर जवळ घेण्याची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर गाडी बदलून द्या. मी लोकांना तासभर "हळू, हळू" सांगताना पाहिलंय, आणि दोष लिव्हरचा निघालाय.

हळू वेगात गाडी डगमगते, तेव्हा नजर बहुतेक पुढच्या चाकावर असते आणि क्लच पूर्ण दाबलेला असतो. इंजिनची ओढ तुटली की गाडीचा तोल सुटतो. हाफ क्लच, मागच्या ब्रेकवर हलका पाय आणि नजर वळणाच्या शेवटाकडे, या तीन गोष्टींनी ते सुटतं. पण तिन्ही एकाच फेरीत सांगू नका. एका फेरीला एकच दुरुस्ती. आणि "खाली बघू नका" असं न सांगता "त्या खांबाकडे बघा" असं सांगा. घाबरलेल्या डोक्याला "नका" ऐकू येत नाही, "खाली" तेवढं ऐकू येतं. खड्ड्याकडे टक लावून बघणारा खड्ड्यातच जातो, तसंच हे.

ब्रेकचा विषय मात्र घाईने उरकू नका. १९८१ मध्ये हॅरी हर्ट यांच्या पथकाचा बाइक अपघातांवरचा अहवाल प्रसिद्ध झाला. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या या पथकाने सुमारे ९०० अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला होता. त्यातल्या ९२ टक्के चालकांनी रीतसर प्रशिक्षण घेतलेलं नव्हतं. ते आपले आपण किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकले होते. धोका उभा राहिल्यापासून धडक होईपर्यंत हाताशी असलेला वेळ बहुधा दोन सेकंदांहूनही कमी होता, आणि त्या वेळात अनेकांनी मागचा ब्रेक दाबून चाक लॉक केलं, पुढचा मात्र पुरेसा वापरलाच नाही.

का, ते विद्यार्थ्याला नीट समजवा. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं. मागचं चाक हलकं होऊन सहज घसरतं आणि गाडी थांबवण्याचं बहुतेक काम पुढच्या ब्रेकला करावं लागतं. तो झटक्यात नाही, दाब वाढवत नेत दाबायचा. पुढचं चाक लॉक झालं तर लगेच सोडून पुन्हा दाबायचं. मागचं लॉक होऊन गाडी तिरपी झाली असेल, तर ब्रेक एकदम सोडायचा नाही. चाक अचानक पकड घेतं आणि चालक उडून पडतो. वेगाचं गणितही आकड्यांनी दाखवा. कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला, तर ताशी ३० च्या वेगातली गाडी साधारण ६ मीटरमध्ये थांबेल. ताशी ६० ला त्यासाठी २३ मीटर लागतील. वेग दुप्पट, अंतर चौपट. त्यात ब्रेकवर हात जाईपर्यंतचा एक सेकंद धरा, म्हणजे आणखी १७ मीटर. ही अंतरं मैदानात शंकू लावून पावलांनी चालायला लावा. फळ्यावर लिहिलेले २३ मीटर कुणी लक्षात ठेवत नाही, चाललेले ठेवतात.

प्रात्यक्षिकाचा तमाशा

विद्यार्थी ज्या वेगात करणार आहे, त्याच वेगात करून दाखवा. सफाई दाखवायचा मोह होतो, पण त्याने नवख्याला एवढंच कळतं की हे आपल्याला जमणार नाही. आणि गाडी चार हात हलवायची असली, तरी हेल्मेट, हातमोजे, जॅकेट, बूट पूर्ण. तुम्ही एकदा बिनहेल्मेट गाडी फिरवलीत, की सकाळचा सगळा तास वाया गेला.

सकाळी मैदान पायी फिरून बघा. वाळू, खडी, तेलाचे डाग. आणि दमलेल्या माणसाकडून शेवटची एक फेरी करून घेऊ नका, पडापडी बहुधा तिथेच होते.

दयेपोटी पास करणं

सगळ्यात अवघड गोष्ट ही. माणूस चांगला आहे, मेहनत करतोय, अजून एकदा आला तर त्याला सुट्टी काढावी लागेल. पण अचानक थांबायला सांगितल्यावर त्याचा हात अजून पुढच्या ब्रेककडे जात नाही. त्याला आज नाही म्हणा. नाही म्हणताना काय जमलं, काय राहिलं आणि ते कसं भरून काढायचं, हे समोर बसून सांगा. मी असं सांगितलेले काही जण चिडून गेले. बरेच जण परत आले.

स्वतःच्या परीक्षेआधी एक करा. तुम्ही शिकवत असताना कुणाला तरी तुमचं चित्रण करायला सांगा आणि आवाज बंद करून ते बघा. तुमचे डोळे किती वेळ विद्यार्थ्याच्या हातांवर आणि नजरेवर होते आणि किती वेळ गाडीवर, ते मोजा.