मासळीच्या कचऱ्याचे खत, मांजराला पत्ता न लागता

बांगड्याची डोकी-आतडी कुंडीत पुरली की रात्री मांजर उकरून ठेवते. वास येतो तो वेगळाच. त्यापेक्षा हे करा.

१. जेवढा कचरा, तेवढ्याच वजनाचा गूळ. स्वस्तातला चालतो, माडाचा गूळ पातोळ्यांसाठी राहू द्या.

२. कालवून प्लॅस्टिकच्या बरणीत पाऊण भरा. झाकण सैल, बरणी सावलीत. घट्ट लावलेत तर बरणी फुगते.

३. महिन्याभराने गाळा. वास गुळचट-आंबूस हवा. कुजका आला तर गूळ कमी पडलाय, आणखी घाला.

४. लिटरभर पाण्यात ५ मिली, पंधरवड्यातून एकदा, मुळाशी. तांबड्या भाजीच्या पानांवर उडवू नका, तीच आपण खातो. कारांद्याच्या (कंद लागणाऱ्या) वेलालाही हेच घाला.

मिठात मुरवलेली मासळी मात्र अजिबात नको, झाड करपते.