सीटी अँजिओग्राफी पुन्हा करावी लागते ती या चुकांमुळे

हृदयाच्या धमन्या जेमतेम २ ते ४ मिलिमीटर रुंद, आणि प्रत्येक ठोक्याला हलणाऱ्या. सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे शिरेत डाय सोडून सीटी स्कॅनने या धमन्या पाहण्याच्या तपासणीत, दोन ठोक्यांच्या मधल्या निवांत क्षणात त्यांचं चित्र टिपायचं असतं. ठोके मिनिटाला ६० ते ६५ च्या आत असले की हा क्षण पुरेसा मिळतो. ९०च्या पुढे गेले की धमनी दुहेरी किंवा मध्येच तुटल्यासारखी दिसू शकते, मग तिथे खरंच ब्लॉकेज आहे की नुसती हालचाल, हे सांगणं अवघड होतं.

म्हणून चहा-कॉफी आधीचे १२ तास बंद. ‘उपाशी या’ म्हटलं की लोक पाणीही सोडतात, पण चहा मात्र घेऊन येतात; हवं नेमकं उलटं. पाण्याला मनाई नसेल तर भरपूर प्या. कोपराच्या शिरेत बऱ्यापैकी जाड, १८ किंवा २० गेजची सुई घालतात आणि डाय (धमन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून दिलेलं द्रव) सेकंदाला सुमारे ५ मिलि वेगाने जातो. सुकलेल्या शिरेत ती सुई नीट बसत नाही. डाय जाताना सुईपाशी आग झाली, सूज आली तर लगेच ओरडून सांगा, सहन करत पडू नका.

डाय गेला की अंगभर ऊब पसरते, लघवी झाल्यासारखं वाटतं. होत काही नाही. पण नेमकं तेव्हाच माणूस दचकतो, श्वास सुटतो आणि चित्र जातं. घरी १०-१५ सेकंद श्वास रोखायचा सराव करून या. छाती गच्च फुगवून जोर लावायचा नाही, त्याने डाय हृदयाकडे जायला अडथळा होतो. दर वेळी सारखाच, बेताचा श्वास घ्या.

धमन्या रुंदावण्यासाठी जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात. लैंगिक ताठरतेसाठीची गोळी, म्हणजे सिल्डेनाफिल २४ तासांत किंवा टाडालाफिल ४८ तासांत, घेतली असेल तर लाज न बाळगता सांगा, रक्तदाब धोकादायक खाली येऊ शकतो. दमा असेल तर तेही सांगा, कारण ठोके कमी करणारी गोळी त्यात त्रास देऊ शकते.

क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडासाठीच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट सोबत ठेवा. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. ईजीएफआर (मूत्रपिंड रक्त किती गाळतं त्याचा आकडा) ३०च्या खाली असेल तरच ती सहसा तपासणीच्या वेळी थांबवून पुढचे ४८ तास बंद ठेवतात. मासे-कोळंबीच्या ॲलर्जीचा डायशी खास संबंध नाही, आधी डायनेच रिॲक्शन आली असेल तर ते महत्त्वाचं.

स्टेंट (धमनी उघडी ठेवायला आत बसवलेली जाळीची नळी) असेल तर त्याचं कार्ड आणा. ३ मिलिमीटरपेक्षा बारीक स्टेंटच्या आतलं सीटीत बऱ्याचदा धड दिसत नाही, आणि ते तपासणीआधी कळलेलं बरं.