विणकामाचे छोटे नमुने संचात विकावेत

विणकामाच्या स्वस्त पीडीएफ नमुन्याची किंमत ठरवताना प्रत्येक विक्रीमागे कापली जाणारी ठरावीक रक्कम अनेकदा नजरेआड होते. अमेरिकेतील विक्रेत्याकडून एट्सी हे हस्तकलेच्या वस्तू विकण्याचे संकेतस्थळ दर विक्रीला 20 सेंट, किमतीच्या 6.5 टक्के आणि पैसे स्वीकारण्यासाठी 3 टक्के अधिक 25 सेंट घेते. म्हणजे 3 डॉलरच्या टोपीच्या नमुन्यातून सुमारे 74 सेंट जातात, आणि इतक्या मेहनतीच्या कामासाठी ही कपात फार मोठी आहे.

1. एकाच जाडीच्या लोकरीचे टोपी, मोजे आणि हातमोजे असे तीन नमुने एका संचात ठेवावेत.
2. संचाची किंमत 8 डॉलर ठेवावी, 1.21 डॉलर वजा जाता उरणारे 6.79 डॉलर हे तीन वेगळ्या विक्रींतून मिळणाऱ्या रकमेइतकेच असतात आणि ग्राहकाचा एक डॉलर वाचतो.

मात्र इतर देशांत पैसे स्वीकारण्याचे शुल्क वेगळे असल्याने आपल्या देशाचा दर घालूनच हिशेब करावा.